ब्लफ पकडायला चेहरा लागत नाही

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार. तुझं म्हणणं असं की बुद्धिबळाचा पट उघडा असतो, पोकरमध्ये पानं झाकलेली. मग चेहरा न वाचता कॉम्प्युटर ब्लफ, म्हणजे कमकुवत पानांवर पैसे लावून मारलेली थाप, पकडणार कसा? अरे, तो पकडायला जातच नाही, हिशेब जुळवतो.

समज, रिव्हरवर, म्हणजे शेवटचं पान उघडल्यावर, पॉट (मधे जमलेली रक्कम) १०० चा आहे आणि मी १०० लावले. तुझी पानं मध्यम. १०० घालून २०० मिळायचे, म्हणजे तीनात एकदा जिंकलास की बरोबरी. मी दर तीन बेटांत (पैसे लावण्यांत) नेमका एक ब्लफ ठेवला, तर तू कॉल कर (तेवढेच पैसे घालून पानं बघ) नाहीतर फोल्ड कर (पानं टाक), हिशेब तोच. बेट २०० ची केली की पाचात दोन ब्लफ. हे एखाद्या जागी आपल्यालाही जमतं. प्रत्येक बोर्डवर (टेबलावरच्या उघड्या पानांवर), प्रत्येक रकमेला पाळायचं म्हटलं की आपण घसरतो.

तरी २०१५ मध्ये अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठाचा पोकर प्रोग्रॅम क्लॉडिको चार कसलेल्या खेळाडूंशी ८०,००० डाव खेळून मागेच राहिला. ७०० च्या पॉटसाठी १९,००० ढकलायचा! त्याचं खरं दुखणं वेगळंच. त्याने ठरावीक रकमांचाच अभ्यास केलेला. समोरून अधलीमधली रक्कम आली की जवळच्या ओळखीच्या रकमेत बसवायचा, आणि पॉटचा अंदाज तिथेच चुकायचा.

त्याच विद्यापीठाच्या टुओमास सँडहोम आणि नोम ब्राउन यांनी लिब्राटस या पुढच्या प्रोग्रॅममध्ये नेमकं हेच दुरुस्त केलं: अनोळखी रक्कम आली की पुढचा डाव तो तिथल्या तिथे नव्याने सोडवतो. जानेवारी २०१७, पिट्सबर्गचा कसिनो, २० दिवस, एकास एक, १,२०,००० डाव. ब्लाइंड (डाव सुरू होताना सक्तीने लावायच्या रकमा) ५०-१००, दर डावाला स्टॅक (हातातल्या चिप्स) पुन्हा २०,०००. नशीब कापायला तेच डाव दुसऱ्या जोडीला, माणूस आणि प्रोग्रॅम यांच्या पानांची अदलाबदल करून, वाटले. समोरचे चार व्यावसायिक खेळाडू संध्याकाळी बसून त्याची भोकं शोधायचे. तो रात्री सुपरकॉम्प्युटरवर, त्यांनी जास्त वापरलेल्या रकमांची भोकं बुजवायचा. शेवटी १७,६६,२५० चिप्सनी पुढे.

हे दोघांच्या खेळाचं झालं. तिसरा आला की ‘हरणार नाही’ ही गणिती हमी उरत नाही. तरीही २०१९ मध्ये प्लुरिबस हा प्रोग्रॅम सहाजणांच्या टेबलावर पाच व्यावसायिकांसमोर १०,००० डावांत पुढेच राहिला, आणि त्याची मूळ तयारी एका ६४ कोअरच्या सर्व्हरवर आठ दिवसांत झाली होती.

मात्र तुझ्या टेबलावर सगळ्याला कॉल करणारा एखादा असेलच. संतुलित प्रोग्रॅम त्यालाही तीनात एक ब्लफ मारत बसेल. त्याचं नुकसान होणार नाही, पण त्या माणसाकडून निघणारा जादा पैसाही निघणार नाही. तू मात्र दोन डावांत ब्लफ बंद करशील आणि मध्यम पानांवरही बेट लावशील. तिथे मी तुझ्यावर पैसे लावीन.

तुझा,
अनिल