नंदू, शनिवारी पैसे देऊ नकोस

नेरुळ, नवी मुंबई
१८ जानेवारी २०२६

प्रिय नंदू,

काल रात्री तू पाठवलेला फोटो बघितला. निळ्या पट्ट्यांचं पांढरं सेसना १७२ विमान, १९७९ चं, आणि खाली तुझी ओळ : "शनिवारी फ्लोरिडाला जाऊन पैसे देतो, रविवारी उडवत ओहायोला आणतो." डोळ्यांत पाणी आलं रे. नौपाड्यातून पहाटे निघून, दादरला गाडी बदलून आपण विलेपार्ल्याला उतरायचो आणि जुहूच्या विमानतळाच्या कुंपणाला नाक लावून तासन्‌तास उभे असायचो. साठीच्या तोंडावर तू विमान चालवायचं लायसन्स काढलंस तेव्हा मी अख्ख्या मजल्यावर पेढे वाटले होते. तरीही सांगतो, शनिवारी पैसे देऊ नकोस. इसारसुद्धा नको.

फोनवर बोललो असतो तर "अरे, ॲन्युअल नुकतंच झालंय" म्हणून तू मला गप्प केलं असतंस. म्हणून लिहायला बसलो. ॲन्युअल म्हणजे वर्षाची तपासणी. त्या दिवशी विमान उडायला योग्य होतं, एवढंच सही करणाऱ्याचं म्हणणं. तू त्यात पैसे घालावेस का, हे त्याला कुणी विचारलेलंच नसतं. आणि ती सही विकणाऱ्याच्या नेहमीच्या मेकॅनिकची. इथे माणूस जुनी ॲक्टिव्हा घेतानाही आपल्या ओळखीचा मेकॅनिक सोबत नेतो. तू विमान घेतोयस, आणि त्यात वहिनींना शेजारी बसवणार आहेस.

माझी एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही. नव्वदच्या दशकात मी एका लहान फ्लाइंग स्कूलकडे विमानांचा मेकॅनिक होतो. मालकांना एक जुनं विमान मिळत होतं, समुद्राकाठच्या गावात तीन वर्षं हँगरमध्ये उभं असलेलं. तास कमी, रंग चकचकीत. मला बघायला पाठवलं, एक दिवस दिला. मी कागद चाळले, इंजिन चालवलं, तेलाचा दाब बघितला, कॉम्प्रेशन घेतलं, म्हणजे सिलिंडर हवेचा दाब किती धरून ठेवतो ते मोजलं. ऐंशीपैकी चौऱ्याहत्तर, पंचाहत्तर, चारही सिलिंडर उत्तम. ऑइल फिल्टर कापायला हवा होता, एक सिलिंडर उतरवायला हवा होता. मालकांना घाई होती आणि मला नाही म्हणायचा धीर झाला नाही. "घ्या," म्हणालो.

पन्नास तासांच्या तपासणीला मी तो फिल्टर कापला. आतला कागद घड्या उलगडत पांढऱ्या ट्रेवर पसरला आणि ट्यूबलाइटखाली तिरपा धरला. कागद चमकत होता. लोहचुंबक फिरवला तर बारीक कण केसांसारखे उभे राहून चिकटले. बोटांवर चोळले तर खरखरीत. कॅमशाफ्ट आणि टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा आणि त्यावर टेकणारे भाग, खाल्ले गेले होते. कॉम्प्रेशनमध्ये हे दिसत नाही, नंदू, मुळीच दिसत नाही. कॉम्प्रेशन सांगतं व्हॉल्व्ह आणि रिंगांचं. कॅमशाफ्टचं त्यातून काही कळत नाही.

इंजिन उतरलं, विमान चौदा महिने जमिनीवर राहिलं. एका मुलाच्या वडिलांनी जमीन गहाण टाकून फी भरली होती. तो रोज हँगरमध्ये येऊन स्टुलावर बसायचा आणि काही विचारायचा नाही. त्याचा चेहरा मी अजून विसरलेलो नाही.

आता तुझ्या विमानाकडे येतो. जाहिरातीत अभिमानाने लिहिलंय, इंजिनाचं ओव्हरहॉल, म्हणजे पूर्ण उघडून केलेली दुरुस्ती, २००१ ला, त्यानंतर फक्त ६०० तास. तू याला जमेची बाजू समजतोयस. गणित कर. पंचवीस वर्षांत ६०० तास म्हणजे महिन्याला दोन तास. इंजिन बनवणारी लायकमिंग कंपनी स्वतः म्हणते, २००० तास किंवा १२ वर्षं, जे आधी होईल ते, की पुन्हा ओव्हरहॉल. खासगी मालकाला तिकडे ते बंधनकारक नाही, म्हणून विकणारा काही खोटं बोलत नाहीये. पण लायकमिंगमध्ये कॅमशाफ्ट क्रँकशाफ्टच्या, म्हणजे प्रोपेलर फिरवणाऱ्या मुख्य दांड्याच्या, वर बसतो. विमान उभं राहिलं की तेल निथळून खाली जातं आणि वरचं पोलाद दमट हवेत उघडं पडतं. त्यावर गंजाचे बारीक खड्डे पडतात, आणि पुढे इंजिन चालू लागलं की तिथूनच कठीण थर सुटायला लागतो. रोज उडणारं १५०० तासांचं इंजिन मी डोळे मिटून या इंजिनाच्या आधी घेईन.

त्यात तुझं मॉडेल १७२एन. त्यातल्या ओ-३२०-एच२एडी इंजिनाची कॅम आणि टॅपेटची झीज सगळ्या जगाला माहीत आहे. त्यासाठी तेलात लायकमिंगचं एलडब्ल्यू-१६७०२ हे ॲडिटिव्ह घालावं लागतं. लॉगबुकात तेल बदलल्याच्या नोंदीशेजारी त्याची नोंद आहे का, हे आधी बघ. मधली सात-आठ वर्षं ती गायब असेल तर मला लगेच कळव.

दुसरी गोष्ट खारं वारं. मी खाडीपासून पंधरा मिनिटांच्या अंतरावर राहतो. खिडकीच्या ग्रिलला दर दिवाळीला रंग देतो आणि पुढच्या पावसाळ्यात पापुद्रे सुटतात. तुझं विमान फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर उघड्यावर बांधलेलं होतं. ॲल्युमिनियम लोखंडासारखं तांबडं होत नाही. रंगाखाली फुगतं, रिव्हेटभोवती पांढरी भुकटी येते. शेपटीच्या पोकळीत टॉर्च घेऊन शिरायला सांग, गालिचे उचलायला सांग, बॅटरीची पेटी, पंखाला आधार देणाऱ्या स्ट्रटचे जोड, सगळं. रंग नवा असेल तर जास्त बारकाईने बघायला सांग.

सीटचे रूळसुद्धा. सेसनात हे जुनं दुखणं आहे. रुळातली भोकं झिजून लांबट होतात, पिन नीट बसत नाही, आणि टेकऑफला नाक वर गेलं की सीट सुटून मागे सरकते. माणूस नकळत हातातलं योक, म्हणजे विमानाचं स्टिअरिंग, ओढतो आणि नाक आणखी वर जातं. यात माणसं गेली आहेत. तिथे तू बसणार आहेस.

मग कागद. भावाने मागच्या वर्षी घोडबंदरला रीसेलचा फ्लॅट घेतला, तेव्हा वकिलाकडून तीस वर्षांचा सर्च काढल्याशिवाय टोकन दिलं नाही. तुमच्याकडे एफएएचं, म्हणजे अमेरिकेच्या विमान खात्याचं, दप्तर ओक्लाहोमा सिटीत आहे. विमानावर कुणाचं कर्ज आहे का तो सर्च तिथे निघतो, आणि मोठ्या दुरुस्तीचे ३३७ नंबरचे फॉर्मही तिथेच मिळतात. ते लॉगबुकाशी ताडून बघ. प्रोपेलर बदलल्याची नोंद असेल आणि त्याच सुमारास इंजिन उघडल्याची नोंद नसेल तर थांब. चालू इंजिनाचा प्रोपेलर जमिनीला लागला की इंजिन उघडून बघायलाच हवं. पुढचं चाक जोरात आपटलं असेल तर इंजिन आणि केबिनमधल्या फायरवॉलच्या पत्र्याला सुरकुती पडलेली असते. तीही बघायला सांग.

मेकॅनिक तुझा हवा. या विमानाला ज्याने आजवर हात लावलेला नाही आणि ज्याला १७२ पाठ आहेत, असा. पैसे तू दे. आधी लॉगबुक, मग इंजिन, मग सांगाडा, या क्रमाने बघायला सांग, म्हणजे मोठं काही निघालं तर तिथेच थांबता येईल आणि पुढचे पैसे वाचतील. फिल्टर त्याच्यासमोर कापायचा, बोअरस्कोपने, म्हणजे सिलिंडरच्या आत जाणाऱ्या बारीक कॅमेऱ्याने, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह बघायचे आणि फोटो काढायचे. व्हॉल्व्हवरचा रंग मधोमध गोल असला तर ठीक, एका कडेला सरकलेला असला तर तो जळायला लागलाय. करारात लिहून घे की तपासणी पटली नाही तर इसार पूर्ण परत, आणि उड्डाणयोग्यतेच्या आड येणारं जे निघेल ते विकणाऱ्याच्या खर्चाने. विकणारा "दुसरा गिऱ्हाईक उभा आहे" म्हणाला तर त्या दुसऱ्याला घेऊ दे.

डिसेंबरच्या २५ तारखेपासून आमच्या इथल्या विमानतळावर विमानं उतरू लागली आहेत. गच्चीवरून बघत असतो. हात अजून शिवशिवतात. तुझं विमान आलं की मी येणार आहे, डाव्या बाजूला तू, उजवीकडे मी, हे ठरलेलंच आहे.

तोवर लॉगबुकांच्या पानापानाचे फोटो पाठव, पहिल्या पानापासून. रोज रात्री नऊला मी मोकळा असतो, तुझे सकाळचे साडेदहा. आणि फिल्टरचा कागद पांढऱ्या कागदावर पसरून, उजेड तिरपा ठेवून फोटो काढायला सांग. समोरून फ्लॅश मारला तर कण दिसत नाहीत.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
अरुण