विषय: रॉस्लिन चॅपल येथील ‘मराठीतून ट्रेझर हंट’बाबत तक्रार व पैसे परत मिळणेबाबत

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग,
पुणे कार्यालय

महोदय/महोदया,

यंदाच्या मे महिन्यात आपल्या स्कॉटलंड सहलीला मी, पत्नी, मुलगी आणि माझे सासरे असे आम्ही चौघं आलो होतो. मूळ सहलीबद्दल काही म्हणणं नाही. हॉटेलं चांगली होती, जेवण वेळेवर मिळालं. तक्रार आहे ती माणशी 3,200 रुपये जादा घेऊन आपण विकलेल्या एडिंबरोजवळच्या रॉस्लिन चॅपल या जुन्या चर्चमधल्या, पुस्तिका आणि ॲप घेऊन कोडी सोडवायच्या ट्रेझर हंटबद्दल. त्यातली कोडी ज्यांनी लिहिली त्यांनी ती वास्तू एक तर पाहिलेलीच नाही, नाहीतर 2010 च्या आधी कधीतरी पाहिली असावी.

पुस्तिकेतलं तिसरं कोडं काढून बघा. ‘लोखंडी छपराच्या जिन्याने वर चढा आणि चॅपलची शिखरं जवळून पाहा.’ भिजलेला दगड सुकावा म्हणून 1997 मध्ये चॅपलवर ते छप्पर उभारलं होतं. 2010 मध्ये ते काढून टाकलं. आम्ही रिमझिम पावसात जिना शोधत इमारतीला प्रदक्षिणा घालत राहिलो. शेवटी तिथल्या एका कर्मचारी बाईंनी हसू आवरत सांगितलं, की असं विचारणारे आजकाल कोणी येत नाहीत.

आत गेल्यावर ‘शागिर्दाच्या खांबा’चा फोटो काढून ॲपवर टाका, अशी सूचना. खांब अप्रतिम आहे, त्याबद्दल वाद नाही. वेलींची नक्षी पीळ घेत वर गेलेली, पायाशी आठ ड्रॅगन. पण चॅपलच्या आत फोटो काढायला मनाई आहे. मुलीने मोबाइल वर करताच तिला सगळ्यांदेखत थांबवण्यात आलं. फोटो न टाकता पुढे जायची सोय आपल्या ॲपमध्ये नव्हती, म्हणून बाहेर येऊन माहितीपत्रकावरच्या चित्राचा फोटो टाकला. ॲपने तो बिनतक्रार स्वीकारला. मग आत पाठवलंच कशाला?

त्याच खांबाजवळच्या तुळईवर लॅटिनमध्ये एक वचन कोरलेलं आहे: मद्य बलवान, राजा त्याहून बलवान, स्त्रिया त्याहूनही बलवान, पण सत्य सगळ्यांवर मात करतं. कोडं होतं, ‘या वचनानुसार सर्वांत श्रेष्ठ कोण?’ तिथल्या गाइडने अर्थ नीट समजावून दिला होता, म्हणून मुलीने ‘सत्य’ लिहिलं. चूक. ‘राजा’ लिहिलं तेव्हा पुढचं पान उघडलं. नाण्यांवर ‘सत्यमेव जयते’ वाचत मोठ्या झालेल्या मुलीला हे कसं समजवायचं, ते आपणच सांगा.

एक कोडं मात्र चांगलं होतं, तेही नमूद करतो. गुरू परगावी गेला असताना शागिर्दाने तो खांब घडवला आणि परतलेल्या गुरूने मत्सराने त्याचा जीव घेतला, अशी दंतकथा आहे. कपाळावर जखम असलेला त्या शागिर्दाचा दगडी चेहरा शोधायचा होता. मुलीने तो शोधलाच. सगळी कोडी अशी असती तर हे पत्र लिहायची वेळ आली नसती.

आपल्या पुस्तिकेत हे चॅपल ‘1446 पासून जसंच्या तसं’ असल्याचं छापलं आहे. माझे सासरे सार्वजनिक बांधकाम खात्यातून निवृत्त झाले आहेत. त्यांनी गाइडला खोदून खोदून विचारलं तेव्हा कळलं, की 1950 च्या दशकात आतल्या कोरीवकामावर सिमेंटचा पातळ थर फासला गेला होता. हेतू चांगला, पण ओल आतच कोंडली. पुढची दुरुस्ती 2013 पर्यंत चालली. शिखरं उतरवताना दगडात मुद्दाम कोरलेली मधमाश्यांची पोळी सापडली. माश्यांना आत जायला कोरलेल्या फुलातून वाट ठेवलेली. ट्रेझर हंट म्हणून विकायचं तर यापेक्षा चांगला खजिना कुठला? आपल्या पुस्तिकेत त्याचा एक शब्द नाही.

शेवटचा टप्पा खाली रॉस्लिन किल्ल्याकडे. पुस्तिकेत ‘सपाट, ज्येष्ठांना सोयीचा’ असं लिहिलं आहे. प्रत्यक्षात वाट उतरती आहे, आणि पुढे दरीत तर चांगलाच उतार. सासऱ्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं आहे, हे आम्ही बुकिंगच्या फॉर्मवर लिहून दिलं होतं. ते वरच कॉफी पीत बसले. आपला टूर मॅनेजर त्या वेळी बसमध्ये होता आणि फोन उचलत नव्हता.

माझ्या मागण्या स्पष्ट आहेत. चौघांचे मिळून 12,800 रुपये परत करावेत. पुढची तुकडी निघण्याआधी ही पुस्तिका मागे घ्यावी. पैशांऐवजी पुढच्या सहलीचं कूपन देऊ असं आपल्या कॉल सेंटरवरून सुचवण्यात आलं, ते मला मान्य नाही. 15 दिवसांत लेखी उत्तर न मिळाल्यास ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार सेवेतील त्रुटीबद्दल जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करीन.

सोबत: पावतीची प्रत, पुस्तिकेतील संबंधित पानं, ‘राजा’ हे उत्तर बरोबर दाखवणारा ॲपचा स्क्रीनशॉट.

आपला,
(सही)
कोथरूड, पुणे