एअरगनसाठी स्वस्तातला रेड डॉट घेण्याआधी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक मिळवले, त्यानंतर बेळगाव, निपाणी, खानापूरकडच्या घरांतही नेमबाजीचे बोलणे सुरू झाले. घरात एअरगन आली की पाठोपाठ रेड डॉट साइटचा, म्हणजे बंदुकीवर बसवायच्या, काचेत उजळ ठिपका दाखवून नेम धरायला मदत करणाऱ्या उपकरणाचा हट्ट येतो. खोक्यावर सैनिकाचे चित्र, आत लाल-हिरवा ठिपका, किंमत खिशाला झेपणारी. घेतलेली साइट महिन्याभरात कपाटात पडते, कारण ठिपका लुकलुकतो, नाहीतर नेम रोज वेगळीकडे जातो. हे का होते ते ठाऊक असले तर थोड्या पैशांतही चांगली साइट निवडता येते.

मुलाला स्पर्धेत उतरवायचे असेल तर मात्र रेड डॉट घेऊच नये. दहा मीटर एअर रायफलच्या आंतरराष्ट्रीय नियमांत अशी साइट चालत नाही. तिथे मागे बारीक छिद्राची पीप साइट आणि पुढे गोल कडे (रिंग) असते. त्या लक्ष्यावरचा दहा गुणांचा ठिपका अवघ्या अर्ध्या मिलिमीटरचा असतो. दहा मीटर एअर पिस्तुललाही साधी उघडी साइटच लागते. सुरुवातीलाच लाल ठिपक्याची सवय लागली तर पुढे प्रशिक्षकाला ती मोडावी लागते. तो पैसा छर्रे आणि सरावाच्या कागदी लक्ष्यांवर घालवा.

हौस म्हणून रिकामे डबे, कागद किंवा फिरत्या लोखंडी चकत्या मारायच्या असतील तर रेड डॉटसारखी सोयीची वस्तू नाही. उघड्या साइटमध्ये मागची खाच, पुढची माशी (नळीच्या टोकावरचा उंचवटा) आणि लक्ष्य अशा तीन गोष्टी डोळ्याला जुळवाव्या लागतात. इथे फक्त ठिपका लक्ष्यावर ठेवायचा, दोन्ही डोळे उघडे. पंचेचाळिशी उलटलेल्या ज्यांना पुढची माशी धूसर दिसू लागली आहे, त्यांना याचा सगळ्यात जास्त फायदा होतो. साइट डोळ्यापासून किती लांब असावी याचेही बंदुकीवरच्या दुर्बिणीसारखे बंधन नाही.

आता मुद्दा बंदुकीचा. आपल्याकडे बहुतेकांकडे नळी मोडून भरायची स्प्रिंगची एअरगन असते. तिचा धक्का विचित्र असतो. चाप ओढला की आतला पिस्टन पुढे झेपावतो आणि बंदूक मागे येते, मग पिस्टन नळकांड्याच्या टोकाला आदळतो आणि बंदूक पुढे झटका खाते. असा दुहेरी मार सोसायची तयारी स्वस्त साइटमध्ये नसते. एलईडीचा सोल्डरचा टाका सुटतो, बॅटरीची पत्ती क्षणभर सुटते, ठिपका विझून पुन्हा लागतो. पीसीपी म्हणजे आधी हवा भरून ठेवायची रायफल, किंवा सीओटू म्हणजे कार्बन डायऑक्साइड वायूवर चालणारे पिस्तूल, यांना धक्का नगण्य असतो आणि त्यांच्यावर हलकी स्वस्त साइटही वर्षानुवर्षे चालते. म्हणून दुकानात पहिला प्रश्न हा विचारा: ही साइट स्प्रिंगच्या एअरगनवर चालेल असे बिलावर लिहून देता का? स्प्रिंगची बंदूक असेल तर थोडे जास्त पैसे इथेच घालावेत. पीसीपी असेल तर वाचवावेत.

दुसरी गोष्ट क्लॅम्पची, म्हणजे साइट बंदुकीला धरून ठेवणाऱ्या पकडीची, आणि माझ्या मते निम्मे बिघाड इथलेच असतात. एअरगनच्या वरच्या अंगाला दोन उभ्या खाचा असतात, त्यांना डोव्हटेल म्हणतात आणि त्यांची रुंदी ११ मिलिमीटर सांगितली जाते. प्रत्यक्षात ती कमी-जास्त भरते आणि खाचेचा कोनही प्रत्येक बनावटीत सारखा नसतो. रेड डॉट मात्र बहुधा २० मिलिमीटरच्या पिकाटिनी किंवा वीव्हर रेलसाठी, म्हणजे आडव्या खाचा असलेल्या पट्टीसाठी बनलेला असतो. या दोघांतही फरक आहे: पिकाटिनीची आडवी खाच सव्वापाच मिलिमीटरच्या आसपास, वीव्हरची साधारण साडेचार. पिकाटिनीसाठीचा आडवा दांडा वीव्हरच्या खाचेत बसत नाही आणि जोर करून बसवला की साइट तिरकी राहते. ११ वरून २० चा तयार ॲडॉप्टर मिळतो, पण तो ढिला वाटला तर बंदुकीवरची खाच व्हर्नियरने मोजून, बेळगावच्या उद्यमबागेतल्या एखाद्या लेथवाल्याकडून ॲल्युमिनियमचा करून घ्यावा. चांगल्या मशीनिंगची आपल्या शहरात वाण नाही.

ॲडॉप्टरला खाली स्टॉप पिन आहे का ते बघा. बंदुकीच्या माथ्यावर त्यासाठी छिद्र किंवा आडवी खाच असते. पिन त्यात बसली नाही तर प्रत्येक गोळीगणिक साइट केसभर मागे सरकते आणि लोक बिचाऱ्या ठिपक्याला दोष देत बसतात. स्क्रू लावण्याआधी खाचेतले तेल स्पिरिटने पुसून काढा. ॲलन कीची लांब बाजू स्क्रूत घालून आखूड बाजूने पिळा, म्हणजे जोर बेताचा लागतो. ॲल्युमिनियमचे आटे फार लवकर जातात. स्क्रूवर निळ्या थ्रेडलॉकरचा, म्हणजे स्क्रू सैल होऊ न देणाऱ्या चिकट द्रवाचा, एक थेंब पुरे. लाल लावू नका, तो नंतर गरम केल्याशिवाय सुटत नाही. क्लॅम्पची कड जिथे येते तिथे पेन्सिलची बारीक रेघ मारून ठेवा. पन्नास गोळ्यांनंतर रेघ उघडी पडली तर साइट सरकते आहे.

ठिपक्याचा आकार एमओए (मिनिट ऑफ अँगल) या कोनाच्या मापात लिहिलेला असतो. एक एमओए म्हणजे १० मीटरवर २.९ मिलिमीटर. तीन एमओएचा ठिपका १० मीटरवर सुमारे ९ मिलिमीटर झाकतो, सहाचा साडेसतरा. २० मीटरवर हेच दुप्पट. कागदावर नेम बसवायचा तर दोन-तीनचा घ्यावा. डबे पाडायला सहाही चालतो. पण प्रखरता वाढवली की तीनचा ठिपकाही फुलून सहासारखा दिसतो, म्हणून ठिपका जेमतेम दिसेल इतकीच प्रखरता ठेवायची. हिरवा रंग डोळ्याला जास्त उजळ भासतो हे खरे, पण मागे उभा ऊस किंवा भाताचे रान असले की तो त्यात हरवतो. आपल्या भागात लालच बरा.

‘होलोग्राफिक’ या शब्दावर जाऊ नका. खरी होलोग्राफिक साइट लेसरवर चालते आणि तिची किंमत बहुतेक एअरगनपेक्षा कितीतरी अधिक असते. स्वस्तात त्या नावाने मिळते ती चौकोनी खिडकीची साधी एलईडी साइट. तिच्यात वाईट काही नाही, पण नावाचे जादा पैसे देऊ नयेत. चार-चार आकृत्या बदलणाऱ्या साइटपेक्षा एकच ठिपका असलेली घ्यावी. हलणारे भाग आणि स्विच जितके कमी, तितके बिघडायचे कमी. बंद नळीची साइट धुळीत आणि पावसात उघड्या खिडकीच्या साइटपेक्षा जास्त टिकते.

दुकानातच करायच्या दोन चाचण्या आहेत. साइट टेबलावर टेकवून समोर आठ-दहा मीटरवरच्या एखाद्या खुणेवर ठिपका आणा. मग साइटला हात न लावता डोके हळूहळू डावीकडे, उजवीकडे, वर, खाली न्या. ठिपका काचेच्या कडेपर्यंत सरकेल, पण खुणेपासून फार ढळता कामा नये. अशा ढळण्याला पॅरलॅक्स म्हणतात. महागड्या साइटमध्येही तो थोडा असतो, कारण काच लांबच्या अंतराला जुळवलेली असते आणि आपण मारतो दहा-वीस मीटरवर. एक सेंटिमीटरपर्यंत चालेल, दोन-तीन सेंटिमीटर पळत असेल तर साइट परत करा. ठिपका काचेच्या मध्यात ठेवून नेम धरला की उरलेला दोष बराच झाकला जातो.

दुसरी चाचणी डोळ्याची. ठिपका गोल न दिसता स्वल्पविरामासारखा किंवा चांदणीसारखा फुटलेला दिसला तर मोबाइलचा कॅमेरा काचेमागे धरून फोटो काढा. फोटोत गोल असेल तर साइट ठीक आहे, डोळ्यात सिलिंड्रिकल नंबर असण्याची शक्यता आहे. चष्मा लावून पुन्हा बघा. तरीही फुटत असेल तर रेड डॉटचा नाद सोडून पीप साइट बसवा, ती अशा डोळ्यांना जास्त साथ देते. याच वेळी साइटच्या अंगावर बोटाने चार टिचक्या माराव्यात. ठिपका विझला तर घेऊ नये.

नेम जुळवताना घाई नडते. स्प्रिंगची बंदूक पोत्यावर घट्ट दाबून ठेवू नका. पुढचा हात पोत्यावर टेकवून उघड्या तळव्यावर ती सैल राहू द्या, नाहीतर धक्क्याने गोळी भलतीकडे जाते. आधी ५ मीटरवर पाच गोळ्या एकाच जागी नेम धरून मारा. प्रत्येक गोळीनंतर साइटचे नेम सरकवायचे स्क्रू फिरवू नका, पाचांच्या घोळक्याचा मध्य काढा आणि मगच फिरवा. नंतर १० आणि शेवटी २० मीटर. साइट नळीच्या मध्यापासून साधारण ४ सेंटिमीटर वर असते, त्यामुळे २० मीटरला नेम जुळवला की सेकंदाला सुमारे २०० मीटर वेगाचा छर्रा ५ मीटरवर दोनेक सेंटिमीटर खाली, १० मीटरवर अर्धा सेंटिमीटर खाली आणि ३० मीटरवर तीनेक सेंटिमीटर खाली लागतो. ५ मीटरवर छर्रा ठिपक्याखाली लागला म्हणून तिथेच वर आणायला जाल तर पुढचे सगळे चुकेल.

नळी मोडणाऱ्या बंदुकांत आणखी एक अडचण येते: नळी किंचित खाली झुकलेली असते. नेम वर-खाली करणारा वरचा स्क्रू शेवटपर्यंत फिरवूनही गोळी खालीच लागते. स्क्रू आणखी पिळला तर आतली स्प्रिंग सैल होऊन ठिपका भरकटतो. यावर उपाय म्हणजे शीतपेयाच्या ॲल्युमिनियम डब्याची पट्टी कापून क्लॅम्पच्या मागच्या टोकाखाली घालणे. हा पत्रा सुमारे ०.१ मिलिमीटर जाडीचा असतो. बैठक ४० मिलिमीटर लांब असेल तर एका पट्टीने १० मीटरवर नेम अडीच सेंटिमीटर वर येतो. कडा घासून गुळगुळीत करा आणि दोनपेक्षा जास्त पट्ट्या घालू नका, क्लॅम्पची पकड जाते.

पावसाळ्यात कणकुंबी, जांबोटीकडे हवेतला ओलावा इतका असतो की स्वस्त साइटच्या काचेला आतून वाफ धरते. खोक्यावरचे ‘वॉटरप्रूफ’ फारसे मनावर घेऊ नका. आयपीएक्स-७ (थोडा वेळ पाण्यात बुडूनही टिकण्याचे मानक) अशी नोंद असेल आणि विक्रेता तिची हमी देत असेल तर गोष्ट वेगळी. जून ते सप्टेंबर बॅटरी काढून, सिलिका जेलच्या पुड्या घालून हवाबंद डब्यात ठेवा. अथणी, रायबागकडे उलट अडचण: रखरखीत उन्हात कमी प्रखरतेचा ठिपका दिसतच नाही, म्हणून तिकडच्यांनी साइट दुकानाबाहेर भर दुपारच्या उजेडात बघून घ्यावी. काच पुसताना आधी फुंकून धूळ उडवा. धुळीसकट फडके फिरवले की काचेवरचा लेप ओरखडतो आणि ठिपका मंदावतो. बॅटरी सीआर २०३२ असेल तर ती कुठल्याही घड्याळवाल्याकडे मिळते. अनोळखी नंबरची असेल तर दोन जादा घेऊन ठेवा.

कायद्याचेही भान हवे. २०१६ च्या शस्त्र नियमांनंतर ४.५ मिलिमीटर म्हणजे .१७७ पर्यंतची नळी आणि २० ज्यूलपर्यंतची ऊर्जा असलेल्या एअरगनला परवाना लागत नाही. ५.५ मिलिमीटरची म्हणजे .२२ ची यात बसत नाही. साइटमुळे यात काही फरक पडत नाही, मात्र पक्ष्या-प्राण्यांवर नेम धरणे हा वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे आणि भीमगड अभयारण्यात परवानगीशिवाय शस्त्र घेऊन शिरताच येत नाही. लक्ष्यामागे उसाचा फड हा आडोसा होत नाही, त्यात माणसे असतात. जुन्या चिंध्या दाबून भरलेली लाकडी पेटी आणि तिच्यामागे मातीची भरलेली पोती ठेवा. मारणाऱ्याला आणि बघणाऱ्यांनाही चष्मा हवा, लोखंडी चकतीवरून शिशाचे कण उलटे येतात.

शेवटी विक्रेत्यांना विनंती. एअरगनचे सामान विकताना बिलावर पाच गोष्टी लिहून द्याव्यात: ठिपका किती एमओएचा, पॅरलॅक्स कोणत्या अंतराला जुळवलेला, क्लॅम्प ११ चा की २० चा, बॅटरीचा नंबर, आणि स्प्रिंगच्या बंदुकीवर हमी आहे की नाही. ग्राहकांनीही या पाच ओळींशिवाय पैसे मोजू नयेत. ऑनलाइन मागवणाऱ्यांनी खोके उघडतानाचा व्हिडिओ काढावा आणि परत करण्याची मुदत संपायच्या आत वरच्या चाचण्या उरकाव्यात.

कळावे,
एक हौशी नेमबाज,
टिळकवाडी, बेळगाव