आईच्या जबड्याचे दुखणे

तीर्थरूप आई व बाबा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, तुमचे पत्र पोहोचले. कान स्वच्छ आहे, दाढही किडलेली नाही, आणि तरी आईचे दुखणे कानापाशीच आहे, म्हणजे दंतवैद्यांनी जबड्याच्या सांध्याचे निदान केले ते मला पटते. जबड्याचे टोक आणि कवटी यांच्यामध्ये एक लवचीक चकती असते. तोंड उघडताना टोक आधी फिरते आणि मग चकतीसह पुढे घसरते. चकती जागेवरून हलली की घास घेताना आईला ऐकू येतो तो ‘कट्’ आवाज येतो. नुसत्या आवाजाला उपचार लागत नाहीत. परंतु निरोगी तोंड साधारण 40 मिलिमीटर उघडते, म्हणजे आपलीच तीन बोटे एकावर एक धरून दातांमध्ये मावतात, आणि आईची जेमतेम दोन मावतात. म्हणून फिजिओथेरपिस्टकडे जाण्यात टाळाटाळ नको.

तेथे हातमोजा घालून गालाचा स्नायू तोंडाच्या आतून दाबतील. आई, तेव्हा थोडे दुखेल, पण घाबरू नकोस. ते मानही तपासतील. जबडा आणि मान यांचे दुखणे बऱ्याचदा जोडीने असते. घरी जिभेचे टोक वरच्या पुढच्या दातांमागे टाळूला टेकवून, ते न सोडता, आरशात पाहत तोंड सावकाश आणि सरळ उघडायचे. जोर लावलास तर दुखणे वाढेल. एरवी ओठ मिटलेले, पण दात सुटे असावेत. भाजी निवडताना तू दात आवळून बसतेस, आणि माझ्या मते खरी मेख तेथेच आहे. ओल्या गरम फडक्याने 15 ते 20 मिनिटे शेक घे, भाकरी आमटीत कुस्करून खा आणि जांभई आली की हनुवटीखाली मूठ धर. सुपारी मात्र बंद, आणि बाबा, तुम्हीही तिच्यापुढे अडकित्ता काढू नका.

यंत्राने दात झिजवून चावा, म्हणजे वरचे-खालचे दात एकमेकांवर बसणे, जुळवून देतो असे कोणी म्हटले तर होकार देऊ नका, कारण झिजवलेला दात पुन्हा भरून येत नाही.

बाबा, एवढे लक्षात ठेवा: चावताना जबडा भरून येऊन कानशील दुखू लागले किंवा नजर अंधुक झाली, तर तो रक्तवाहिनीचा दाह असू शकतो, आणि चालताना जबडा दुखून धाप लागली, तर ते हृदयाचे लक्षण असू शकते. अशा वेळी व्यायाम बाजूला ठेवून तिला ताबडतोब रुग्णालयात न्यावे.

आपली,
मुलगी