रंगीत पिल्लं आणि आमची खुडूक कोंबडी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रंगपंचमीच्या दुसऱ्या दिवशीच्या आपल्या अंकात राजवाड्यावरच्या गेरचे, म्हणजे इंदूरच्या रंगपंचमीच्या मिरवणुकीचे, फोटो होते. त्यांच्याखाली कोपऱ्यात आणखी एक लहानसा फोटो होता. पाच-सहा वर्षांची मुलगी, तोंड रंगानं माखलेलं, आणि ओंजळीत कोंबडीचं भडक गुलाबी पिल्लू. फोटो गोड होता, खोटं कशाला बोलू? शेजारणीनं तो मोबाइलवर चार जणींना पुढेही पाठवला. मला मात्र पाहताक्षणी हिशेब सुचला. फोटो काढला तेव्हा पिल्लू दोन दिवसांचं असेल, छापला तेव्हा तीन. म्हणजे हे पत्र तुमच्या टेबलावर येईपर्यंत बहुतेक ते गेलेलं असणार. त्याबद्दलच लिहिते आहे. पत्र लांबेल. कापायचं तर खुशाल कापा, पण बल्बबद्दलचा मजकूर तेवढा ठेवा.

मी इंदूरजवळच्या राऊच्या अलीकडे, जुन्या आग्रा-मुंबई रस्त्यावरून थोडं आत, पाऊण एकराच्या तुकड्यावर राहते. ह्यांनी निवृत्तीच्या पैशांतून घेतलेला. ओळखीचे लोक त्याला ‘फार्महाउस’ म्हणतात. हाउस म्हणजे दोन खोल्या आणि पत्र्याची पडवी. फार्म म्हणजे भाजीचे अकरा वाफे, एक शेवगा, दोन आंबे आणि बारा-पंधरा कोंबड्या. हे गेले, कोंबड्या राहिल्या. मुलगा शहरात फ्लॅटमध्ये बोलावतो, पण तिथे पहाटे उठून करायचं काय, हे त्याला सांगता येत नाही.

फाल्गुन-चैत्र हे आमच्याकडे सगळ्यात धांदलीचे दिवस. मेथी फुलावर आलेली, कोथिंबिरीला धणे धरलेले, कोबीचे नुसते बुंधे उरलेले. हे वाफे मी कोंबड्यांच्या ताब्यात देते. चार दिवसांत त्या पानं खातात, हुमणी वेचतात आणि काळी माती अशी उकरून ठेवतात की खुरपं घ्यावं लागत नाही. त्याच वेळी शेजारच्या वाफ्यांत काकडी, दोडकी, गिलकी लावलेली असतात (पुण्याकडचे पाहुणे ‘घोसाळी’ म्हणतात, आम्ही गिलकीच). तिथे कोंबडी शिरली की संपलं, म्हणून वर बोरीच्या फांद्या टाकते. माझे हात मार्चभर ओरखडलेले असतात ते त्यामुळे.

खुराड्यातली घाण ताजी वाफ्यात टाकली तर रोपं जळतात. ती पालापाचोळा, शेण, राख यांच्या थरांत कुजवावी लागते. हे शहाणपण इंदूरचंच. आज जिथे कृषी महाविद्यालय आहे तिथे इंग्रज शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड 1924 ते 1931 होते. त्यांनी आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी इथे बसवलेली खताची रीत जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणून गेली. ढीग तीनदा उलटायचा, तीन महिन्यांत खत तयार. आपल्याकडे पोहे-जलेबीचं जितकं कौतुक होतं त्याच्या शतांशही याचं होत नाही. असो, विषय पिल्लांचा आहे.

डिसेंबरात इंदूरचा दिवस पावणेअकरा तासांचा असतो. तेव्हा बारा कोंबड्यांत मिळून दोन-तीन अंडी मिळतात. मार्चमध्ये दिवस बारा तासांचा झाला की त्याच कोंबड्या आठ-नऊवर येतात. खाणं तेच, पाणी तेच, वाढतो तो फक्त उजेड. आणि मग एखादी खुडूक होते, म्हणजे अंडी उबवायला बसते. खुराड्याच्या कोपऱ्यात पसरून बसते, हात लावला तर फुगते, घशातून कुर्रर करते. कडकनाथ सहसा बसत नाही. माझ्याकडे दोन आहेत. झाबुआच्या कडकनाथाला 2018 मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाल्यापासून येणारा प्रत्येक जण मला काळी अंडी मागतो. अंडी काळी नसतात हो. उबवायचं काम आमची साधी तांबडी देशी कोंबडी करते. तिला सगळे मावशी म्हणतात. गेल्या वर्षी महाशिवरात्रीला तिच्याखाली नऊ अंडी ठेवली. अंड्याला एकवीस दिवस लागतात आणि शिवरात्र ते रंगपंचमी हा हिशेबही, एखादा दिवस इकडेतिकडे, तेवढाच भरतो. रंगपंचमीच्या दुपारी पाच पिल्लं निघाली.

त्याच संध्याकाळी मुलगा गेर पाहून नातवाला घेऊन आला. नातवाच्या हातात बुटांचं खोकं. आत सहा पिल्लं: तीन गुलाबी, दोन हिरवी, एक नारिंगी. दहाला एक, साठ रुपये. नातू आनंदानं थरथरत होता आणि पिल्लं थंडीनं.

मालव्याच्या रात्रीचं ‘शब-ए-मालवा’ म्हणून कौतुक आहे. फाल्गुनात दुपारी चौतीस-पस्तीसला गेलेला पारा पहाटे सतरावर उतरतो. आपल्याला गोधडी ओढायला बरं वाटतं. पण पहिल्या आठवड्यात पिल्लाला पस्तीस अंशांची ऊब लागते, आणि ती त्याला स्वतःच्या अंगात तयार करता येत नाही. मुलानं खोक्यावर टेबललॅम्प लावला. लख्ख उजेड पडला, पिल्लं दिव्याखाली गोळा झाली, आम्ही जेवायला बसलो. सकाळी एक हिरवं आणि एक गुलाबी ताठ झालेलं. दिवा रात्रभर चालू होता. मी काचेवर हात ठेवला तर गार. एलईडी!

संपादकसाहेब, हेच छापा. एलईडी दिव्यात पिल्लाला पुरेल अशी ऊब नसते. जुना, तंतूचा पिवळा बल्ब पाहिजे, साठ किंवा शंभर वॉटचा. इलेक्ट्रिकच्या दुकानात मागितला तर अजून निघतो. तो खोक्याच्या एका टोकाला टांगायचा, म्हणजे फार तापलं तर पिल्लाला दुसऱ्या टोकाला सरकता येतं. थर्मामीटर नको, पिल्लंच सांगतात. दिव्याखाली एकमेकांवर चढून चिवचिवत असतील तर गारठली आहेत. लांब जाऊन चोच उघडून धापा टाकत असतील तर दिवा वर घ्या. पांगून निवांत टिपत असतील तर बरोबर आहे. दर आठवड्याला ऊब तीनेक अंशांनी कमी करत जायचं.

आणि खाली वर्तमानपत्र अंथरू नये. तुमचा पेपर आम्ही तीस वर्षं घेतो, तेव्हा राग मानू नका. पण कागद गुळगुळीत असतो, पिल्लाचे पाय त्यावरून फाकतात आणि कायमचे तसेच राहतात. गोणपाट घाला. पाण्याची बशी उथळ हवी आणि तिच्यात खडे टाकायचे, नाही तर पिल्लं बुडून मरतात. खायला पहिले दिवस मक्याची बारीक भरड चालते. दुकानातलं पिल्लांचं खाद्य मिळालं तर उत्तम.

लोकांना वाटतं, पिल्लू दोन दिवस छान होतं आणि मग अचानक ‘दृष्ट लागली’. दृष्ट नाही. अंड्यातून बाहेर यायच्या आधी पिल्लू उरलेला बलक पोटात ओढून घेतं. त्यावर दोन-तीन दिवस काही न खाता-पिता निघतात. म्हणूनच तर ती खोक्यांत भरून लांबवर पाठवता येतात. विकत घेतलं तेव्हा शिदोरी संपत आलेली असते, घरी येऊन ती संपते.

ही रंगीत पिल्लं असतात कोणाची? अंड्यांसाठी पोसायच्या जातीचे नर. हॅचरीत पहिल्याच दिवशी पंखांची पिसं पाहून मादी वेगळी, नर वेगळा करतात. नर अंडी देणार नाही, आणि त्याच्या अंगावर ब्रॉयलरसारखं मांसही चढत नाही. मग काहींवर रंग मारतात आणि ती सायकलच्या करंडीतून शाळेच्या फाटकाशी येतात. 1960 च्या प्राणी निर्दयता प्रतिबंधक कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड आहे दहा ते पन्नास रुपये. म्हणजे फार तर पाच पिल्लांची किंमत.

तर उरली चार. त्या रात्री ती मी मावशीला देऊन टाकायचं ठरवलं. ती पडवीत डालग्याखाली स्वतंत्रच होती, त्यामुळे बाहेरच्या पिल्लांनी आणलेला रोग बाकीच्यांत जायची धास्ती कमी होती. (2021 च्या जानेवारीत इंदुरात बर्ड फ्लूनं कावळे पटापट पडले होते, तेव्हापासून मी याबाबतीत भित्री आहे.) साडेनऊला, दिवा न लावता गेले. हे अंधारातच करायचं, आणि कोंबडीची स्वतःची पिल्लं निघाल्याला एक-दोन दिवसच झालेले असताना. नंतर ती परकं ओळखते आणि टोचून मारते.

डालगं उचलून तिच्या छातीखाली हात घातला. तव्यावरून नुकत्या उतरलेल्या भाकरीची असते तशी ऊब. बसून बसून तिनं छातीची पिसं उपटून टाकली होती, हाताला उघडी कातडी लागली. आतून तिची पाच चिवचिवली. मी एकेक रंगीत पिल्लू मुठीत धरून खाली सरकवलं. दुसऱ्याला तिनं माझ्या मनगटावर चोच मारली, जोरात, रक्त आलं. चौथं आत गेल्यावर तिनं पंख किंचित उचलले, अंग हलवून बसकण नीट केली, आणि पंखांखालची ती कापरी चिवचिव बारीक होत होत बंद पडली. मी तिथेच जमिनीवर बसून राहिले. नातू दारात उभा, श्वास रोखून.

सकाळी उजेडात खरी परीक्षा. हिरवं पिल्लू बाहेर आलं. मावशीनं आधी एका डोळ्यानं पाहिलं, मग मान वाकडी करून दुसऱ्यानं. माझा जीव मुठीत. मग तिनं भरडीचा दाणा उचलला, खाली टाकला आणि टुक-टुक करून त्यालाच बोलावलं. माय मरो आणि मावशी जगो म्हणतात ना!

मदतीला येणारी झाबुआकडची बाई मडक्यात ओलं शेण आणि पाचट भरून ते बांधावर पालथं घालते. दोन दिवसांनी उचललं की खाली वाळवी. नऊच्या नऊ त्यावर तुटून पडायची. सहाव्या दिवशी मानमोडीच्या (राणीखेत रोगाच्या) लसीचा एकेक थेंब डोळ्यात घातला. दहाव्या दिवशी शिक्रा आला आणि एवढ्या खाकी पिल्लांतून नेमकं एक गुलाबी उचलून गेला. त्या रंगाला लपणार कुठे?

बाकीच्यांचा रंग मी धुतला नाही, तो आपोआप गेला. पहिल्या आठवड्यात पंखांच्या कडेला खरी पांढरी पिसं फुटली, गुलाबी लवेतून. तीन आठवड्यांनी रंग फक्त डोक्यावर आणि मानेच्या मागे, होळीनंतर कानामागे राहतो तसा. नातवाला वाटलं पिल्लं म्हातारी झाली.

तिन्ही नर निघाले, निघणारच होते. पाच महिन्यांचे झाल्यावर एकमेकांचे तुरे फोडायला लागले. दोघांचं काय झालं ते नातवाला सांगितलेलं नाही; पाहुणे आले होते, एवढंच लिहिते. तिसरा आहे. पहाटे पावणेचारला बांग देतो आणि मागे नवी कॉलनी झाली आहे तिथले लोक कुरकुर करतात. एकानं खुराड्यावर ताडपत्री टाकायचा सल्ला दिला. टाकली. कोंबडं झाकून काय होतं ते आपल्याला पिढ्यान्पिढ्या माहीत आहे, तेच झालं.

साठ रुपयांतून एक कोंबडा. तोही घरात बल्ब, शेण, वाळवी, लस आणि वेळेवर खुडूक झालेली कोंबडी होती म्हणून. तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये यातलं काय आहे? मुलाला प्राणी हवाच असेल तर त्याला एखाद्या रविवारी कोणाच्या तरी वाडीवर न्या, अंडं हातात घेऊ द्या, गरम असतं. पण पिल्लू विकत घेऊ नका. आणि तुम्ही असा फोटो पुन्हा छापू नका. छापलाच तर चौथ्या दिवशीचाही छापा.

गेल्या आठवड्यात हाटात तो सायकलवाला भेटला. पोरसवदा आहे. मी भांडायच्या तयारीनंच गेले होते. तो करंडीवरचं ओलं फडकं सारखं करत म्हणाला, “अम्मा, लोग लेते हैं तो लाता हूँ. नहीं लेंगे तो ककड़ी ले आऊँगा, मुझे क्या.”

आपली,
एक वाचक, राऊ (इंदूर)