बेट दाखवतो म्हणून पैसे घेतले आणि बेटच पाण्याखाली : तक्रार

प्रति,
मा. मॅनेजर साहेब,
वीकेंड टूर विभाग, कोल्हापूर

विषय : १ मे च्या मालवण-देवबाग फॅमिली टूरमधला "दिवसभर बेटावर" हा प्रोग्रॅम झालाच नाही, त्याचे पैसे परत मिळणेबाबत.

नमस्कार साहेब,

फोनवर तीनदा बोलून झालं, दरवेळी मॅडम म्हणतात साहेब बाहेर गेलेत, एकदा तर मागनं तुमचाच आवाज येत होता असं माझं मत आहे, पण जाऊ दे, म्हणून आता लिहूनच पाठवतोय.

आमचं बुकिंग सात जणांचं होतं. मी, बायको, आई, धाकटा भाऊ, वहिनी आणि दोन पोरं. मोठ्यांचे माणशी ३,९०० आणि पोरांचे २,६००, असे २४,७०० झाले. त्यावर "आयलंड डे" म्हणून माणशी ६५० वेगळे, म्हणजे ४,५५०. हे वेगळे पैसे लक्षात ठेवा, पुढं त्याच्यावरच बोलायचंय. तुमच्या ऑफिसातल्या पोरानं मोबाईलवर फोटो दाखवले, चहूबाजूंनी निळं पाणी, मधे पांढरी वाळू, छत्र्या लावलेल्या, पोरं वाळूत किल्ले करत्यात. आमच्या लेकीनं तो फोटो बघून त्याच दिवशी महाद्वार रोडवरनं बादली आणि फावडं घेतलं. मे महिन्याची सुट्टी, कोल्हापुरात दुपारी नुसती काहिली, वर वळीव कधी येईल सांगता येत नाही, म्हटलं चला दोन दिवस पोरांना समुद्र दाखवू.

गाडीबद्दल जास्त लिहीत नाही. एसी सांगितला होता, एसी होता पण चालू नव्हता. दसरा चौकातनं साडेचारला निघणार होती ती सव्वापाचला निघाली. राधानगरी, दाजीपूर, फोंडा घाट, कणकवली करत उतरलो, घाटात पोराला उलट्या झाल्या त्यात तुमचा काही दोष नाही. जेवणात सुरमई सांगून बांगडा दिला ते पण सोडून देतो, आम्ही तांबडा-पांढरा खाणारी माणसं, आम्हाला मासा म्हणजे मासा, आणि सोलकढी मात्र खरंच चांगली होती.

आता मुद्द्यावर येतो. अकराच्या सुमाराला देवबागला होडीत बसवलं. पोरांना दिलेली लाइफ जॅकेट मोठ्यांच्या मापाची, धाकट्याचं तर हनुवटीच्या वर येत होतं, वहिनीनं तिच्या ओढणीनं आवळून बांधलं. कर्ली नदी समुद्राला मिळते तिथपर्यंत होडी गेली आणि थांबली. आम्ही बसून राहिलो, मला वाटलं डिझेल संपलं का काय. मग तुमचा टूरवाला पोरगा उठून म्हणतोय, "चला उतरा, आलं आयलंड." कुठं आलं? नुसतं पाणी! लांबवर चार-पाच बांबू पाण्यातनं वर आलेले आणि एका बांबूला जेट स्कीचा रेटबोर्ड बांधलेला. म्हणतोय खाली वाळू आहे, कमरेपर्यंतच पाणी आहे, उभं राहा की, मजा येते. आमची आई अडुसष्ट वर्षांची, गुडघ्याचं दुखणं, इरकल नेसलेली. ती कमरेएवढ्या पाण्यात दिवसभर उभी राहणार काय ओ?

होडीवाले काका तिथलेच होते. मी त्यांना विचारलं हे काय, तर हसायलाच लागले. म्हणाले, "अहो, आज पुनव मा! पंधराची पाऊणपट करा, सव्वाअकरा. आता बेट खय दिसतला?" मग त्यांनीच समजावून सांगितलं. तिथी घ्यायची, तिला तीननं गुणायचं आणि चारनं भागायचं, जे येईल त्या तासाला भरती. पौर्णिमा म्हणजे पंधरा, पंधरा त्रिक पंचेचाळीस, भागिले चार, सव्वाअकरा. थोडं मागंपुढं होतं पण अंदाज चुकत नाही. त्यात पौर्णिमा-अमावस्येला उधाण, म्हणजे पाणी नेहमीपेक्षा जास्त वर चढतं. आणि हे काही खडकाचं बेट न्हवं, नदीच्या मुखातला वाळूचा दांडा आहे, ओहोटीला वर येतो आणि भरतीला खाली जातो, रोजचंच आहे. लोक त्याला त्सुनामी आयलंड म्हणत्यात, २००४ च्या त्सुनामीनंतर नाव पडलं म्हणे.

आता १ मे ला बुद्ध पौर्णिमा होती हे सांगायला पंचांग पण लागत नाही साहेब, स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर पण गोल चंद्र काढलेला असतो. तुमच्या ऑफिसात काउंटरच्या मागं तसलंच कॅलेंडर लावलंय, मी बुकिंगला आलो तेव्हा त्याच्याखालीच बसलो होतो.

टूरवाल्या पोराला म्हटलं, बाबा, आता आधी सिंधुदुर्ग किल्ला करू आणि बेटावर चारनंतर येऊ, काका पण म्हणत होते साडेतीन-चारला या, मोकळी वाळू मिळेल, पाच-साडेपाचला पूर्ण ओहोटी. किल्ल्याला काय, मालवणच्या जेटीवरनं होड्या सकाळपासनं चालूच असतात. नुसतं उलटं केलं असतं तर सगळं जमलं असतं, एक रुपया जादा लागला नसता. पोरगा म्हणतोय प्रोग्रॅम ऑफिसातनं ठरून येतो, मला बदलता येत नाही. फोन लावला ऑफिसला, तुमच्याकडनं उत्तर काय आलं? "निसर्गापुढं आपण काय करणार सर."

हे वाक्य मला लागलं बघा. वळीव पाऊस आला असता, वारं सुटलं असतं, बंदरावर बावटा लागला असता आणि होड्या बंद झाल्या असत्या तर मी एक शब्द बोललो नसतो, उलट तुम्ही सुखरूप आणलं म्हणून पेढे दिले असते. पण भरती काय अचानक येत नाही. ती आज अकराला आली तर उद्या पाऊण-एक तासानं उशिरा येणार, परवा अजून उशिरा, एसटी चुकेल पण ती चुकायची नाही. अष्टमीच्या आसपास ट्रिप काढली असती तर आठ त्रिक चोवीस, भागिले चार सहा, म्हणजे सकाळी सहाला भरती आणि दुपारी बाराला ओहोटी, आणि पाणी पण भांगाचं, फार चढत नाही. हे मी आता तुम्हाला सांगतोय! आम्ही घाटावरची माणसं, आमचा समुद्र म्हणजे रंकाळा, त्याला ना भरती ना ओहोटी. आम्हाला यातलं कळत नाही म्हणूनच तर तुम्हाला पैसे दिले ना?

मग काय, पाऊण तास होडीतच बसलो. ऊन डोक्यावर. भाऊ एकटा उतरला आणि पाण्यात उभा राहून फोटो काढून घेतला, फोटोत तो पंचगंगेच्या पुरात अडकल्यासारखा दिसतोय. लेक बादली मांडीवर घेऊन बसली होती, रडली नाही, नुसती म्हणाली, "पप्पा, वाळू कुठाय?" आणि धाकटा म्हणतोय रंकाळ्यावर गेलो असतो तर भेळ तरी मिळाली असती.

परत येताना जेवणाला उशीर, गाडीला उशीर, किल्ल्याच्या जेटीवर पोचलो तेव्हा पावणेपाच वाजलेले. सिंधुदुर्ग म्हणजे काय अर्ध्या तासात बघायची गोष्ट आहे का? १६६४ ला महाराजांनी बांधायला घेतलेला किल्ला, अठ्ठेचाळीस एकराचं बेट, तटबंदीच जवळजवळ तीन किलोमीटर. आणि आम्हा कोल्हापूरकरांना त्याचं जास्तच, कारण १८१२ ला इंग्रजांकडं जाईपर्यंत हा किल्ला आपल्या कोल्हापूरच्या गादीकडं होता. आईला शिवराजेश्वराचं, म्हणजे किल्ल्यातल्या महाराजांच्या देवळाचं, दर्शन झालं तेवढं समाधान. भर समुद्रात गोड्या पाण्याच्या विहिरी कशा असतात ते पोरांना दाखवायचं होतं, दूधबाव धावत बघितली, दहीबाव आणि साखरबाव राहिल्या, चुन्यातला महाराजांच्या हाताचा ठसा राहिला, होडीवाला खालनं शिट्ट्या मारत होता. तिथला दरवाजा पण लांबनं दिसत नाही म्हणत्यात, अगदी तटाजवळ गेल्यावरच दिसतो. पण निदान तिथं दरवाजा आहे.

माझं म्हणणं एवढंच आहे. "आयलंड डे" चे ४,५५० रुपये पूर्ण परत पाहिजेत. पुढच्या ट्रिपमध्ये दहा टक्के सूट देतो असं मॅडम म्हणाल्या, ती सूट नको, पुढची ट्रिपच नको. सगळ्या टूरचे पैसे मी मागत नाही, राहायची खोली स्वच्छ होती, दुसऱ्या दिवशी चिवला बीचवर पोरं खेळली, जे दिलं ते दिलं. पण जे बेट त्या वेळेला दिसणारच नव्हतं ते विकलं, ह्याला आमच्यात फसवणूक म्हणतात. आणि ते पॅम्प्लेट बदला, त्यावर भरती-ओहोटीची वेळ छापा, नाहीतर पुढचा कोणतरी आईला घेऊन असाच पाण्यात उभा राहील.

पावती, पॅम्प्लेटचा फोटो आणि होडीतनं काढलेला अकरा वीसचा व्हिडिओ सोबत जोडलाय. पंधरा दिवस वाट बघतो. त्यानंतर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार टाकणार आणि तिथं नाही झालं तर जिल्हा ग्राहक आयोगात जाणार. पाच लाखापर्यंतच्या व्यवहाराला तिथं फी लागत नाही आणि दोन वर्षांची मुदत असते, हे मी चौकशी करून ठेवलंय, तेव्हा हा माणूस कंटाळून गप्प बसेल असं समजू नका.

कळावे,
आपला ग्राहक
(बुकिंग सात जणांचं, राजारामपुरी)

ता.क. : आईची एक चप्पल तुमच्या गाडीत मागच्या सीटखाली राहिलीय. ड्रायव्हर "बघतो" म्हणाला त्याला दोन आठवडे झाले. उजव्या पायाची आहे, कापशी पद्धतीची कोल्हापुरी, अंगठ्याजवळ नवीन टाके घातलेत. पैसे कधी द्यायचे ते द्या, ती आधी पाठवा.