मोठी मॅच कधी आहे ते महिनोन् महिने आधी माहीत असतं, मग आमची मॅच आदल्या रात्री का हलते?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तुमच्या क्रीडा पानावर मोठ्या फुटबॉलबद्दल भरपूर येतं, येऊ दे, आम्हीही पेपर उघडला की आधी तेच वाचतो, पण त्या मोठ्या फुटबॉलपायी आमच्यासारख्या हौशी लीगमध्ये जो घोळ होतो त्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही, म्हणून हे पत्र. विषय साधा आहे. वर्ल्डकप फायनल किंवा तशीच एखादी मोठी मॅच ज्या वेळेला असते नेमकी त्याच वेळेला आमची लीगची मॅच लावलेली असते, ती हलवायची का नाही यावर दर वेळी नव्याने वादावादी, आणि निर्णय कधी होतो तर आदल्या रात्री. नाहीतर होतच नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की मॅच हलवा, खुशाल हलवा, पण फिक्स्चर, म्हणजे सीझनचं वेळापत्रक, काढता तेव्हाच हलवा. आदल्या रात्री हलवण्यापेक्षा न हलवलेली बरी.

आयोजकांचं ठरलेलं उत्तर असतं की आम्हाला काय माहीत होतं. अहो माहीत कसं नव्हतं? 2026 च्या वर्ल्डकपची फायनल 19 जुलैला हे फिफाने मार्च 2023 मध्येच जाहीर केलं होतं, म्हणजे तीन वर्षांहून जास्त आधी. युरोपातल्या क्लबांच्या चॅम्पियन्स लीगची फायनल कुठल्या शहरात, कुठल्या तारखेला हेही सीझन सुरू व्हायच्या कितीतरी आधी ठरलेलं असतं. कुठल्या दोन टीम येणार ते नसतं माहीत, पण तारीख असते ना, आणि फिक्स्चर लावायला तारीखच लागते, टीमची नावं लागत नाहीत. लीगचा सेक्रेटरी कॅलेंडर उघडून बसतो तेव्हा ग्राउंड कधी रिकामं आहे ते बघतो, परीक्षा कधी आहेत ते बघतो, मग ही एक गोष्ट बघायला किती वेळ लागतो? पाच मिनिटं.

आता आदल्या रात्री काय होतं ते सांगतो, कारण मी एका हौशी टीमचं सगळं बाहेरचं काम बघतो, म्हणजे जर्सी, बॉल, फोन, पैसे गोळा करणं आणि मुख्य म्हणजे अकरा डोकी जमवणं. आठवडाभर ग्रुपवर सगळे येतो येतो म्हणतात. मोठी मॅच जवळ आली की एकेकाचा आवाज बदलायला लागतो, एकाचा गुडघा दुखतो, एकाच्या घरी पाहुणे येतात, गोलकीपरला थोडी कणकण असते, आणि कणकण नेमकी किक-ऑफच्या वेळेलाच कशी येते हे मला आजवर कळलेलं नाही. ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं. सरळ सांगा ना की मॅच बघायची आहे, मला राग येणार नाही, मलाही बघायचीच असते. पण सरळ कुणी सांगत नाही कारण टीमपेक्षा टीव्ही मोठा झाला का असं कुणीतरी बोलणार ही भीती, त्यामुळे रात्री अकरापर्यंत मला कळतच नाही की उद्या माझ्याकडे अकरा आहेत का सहा.

आणि सहा असतील तर खेळच संपला. फुटबॉलच्या नियमांत तिसऱ्या नियमात स्पष्ट लिहिलंय, एका बाजूला सातपेक्षा कमी खेळाडू असतील तर मॅच सुरू करता येत नाही आणि सुरू असेल तर पुढे चालवताही येत नाही. मग वॉकओव्हर, समोरच्याला फुकटचे पॉइंट्स, आणि सीझनच्या शेवटी टेबल बघितलं की दोन टीम एका पॉइंटने वरखाली आणि त्यातला एकाचा विजय मैदानावर झालेलाच नाही. ज्यांना वॉकओव्हर मिळतो ते तरी कुठे खूश असतात? तेही बिचारे बूट बांधून, वॉर्मअप करून उभे असतात, त्यांच्यातल्याही निम्म्यांनी मोठी मॅच सोडून यायचं ठरवलेलं असतं, आणि समोर कोणीच नाही. त्या माणसांचा विचार कोण करतं?

रेफ्रीचा तर कोणीच करत नाही. हौशी लीगचा रेफ्री हाही आमच्यासारखाच हौशी माणूस असतो, त्यालाही मॅच बघायची असते, पण त्याने सुट्टी मागितली तर नाटकं करतो म्हणायचं आणि खेळाडूंनी दांडी मारली तर समजून घ्यायचं, असा उलटा न्याय आहे. आमच्या एका मॅचला हाफटाईमला दोन्ही कॅप्टन त्याच्याकडे गेले आणि म्हणाले की सर दुसरा हाफ पंचवीस मिनिटांचाच करूया, मोठी मॅच सुरू होतेय. त्याने शिट्टी हातात फिरवत शांतपणे सांगितलं की हाफ छोटे करायचे तर ते मॅच सुरू व्हायच्या आधी ठरवावं लागतं, रेफ्री आणि दोन्ही टीमनी मिळून, आणि तेही स्पर्धेच्या नियमात बसत असेल तरच, आता मधेच नाही. बरोबरच होतं त्याचं. दुसरा हाफ पूर्ण झाला, पण तो हाफ खेळ म्हणण्यासारखा नव्हता, प्रत्येक थ्रो-इनला कोणीतरी साइडलाइनकडे बघून स्कोअर विचारत होतं आणि एक गोल तर असा गेला की डिफेंडर फोन बघणाऱ्या सबशी, म्हणजे बाहेर बसलेल्या बदली खेळाडूशी, बोलत उभा होता.

मग हलवायची तर कशी, यावर जरा बोलतो कारण इथेच सगळे चुकतात. एक म्हणजे शक्य असेल तर मॅच अलीकडे घ्या, पुढे ढकलू नका. पुढे ढकललेली मॅच म्हणजे डोक्याला ताप, ती सीझनच्या शेवटी जाऊन बसते, तिथे आधीच पावसाने रद्द झालेल्या दोनतीन मॅच बसलेल्या असतात, मग एका आठवड्यात तीन मॅच खेळा, अर्धी टीम जखमी आणि उरलेल्या अर्ध्या टीमला ऑफिस. अलीकडे घ्यायची म्हणजे त्याच दिवशी सकाळी किंवा आधीच्या आठवड्यात मधल्या एखाद्या संध्याकाळी, ग्राउंड मिळालं तर.

दुसरं म्हणजे वेळेचा हिशोब नीट करा. मोठ्या मॅचला दोन तास धरतात आणि तिथे फसतात. पंचेचाळीस पंचेचाळीसचे दोन हाफ, मधे पंधरा मिनिटं, वर स्टॉपेज टाईम म्हणजे वाया गेलेल्या वेळेची भरपाई, हे झाले साधारण दोन तास, कबूल. पण फायनल दोन तासात संपते कुठे? 2006 पासून 2022 पर्यंत वर्ल्डकपच्या पाच फायनल झाल्या त्यातल्या चार एक्स्ट्रा टाईमला, म्हणजे बरोबरी झाल्यावरच्या जादा अर्ध्या तासाला, गेल्या, एकट्या 2018 ची नव्वद मिनिटांत संपली. 2006 आणि 2022 तर थेट पेनल्टीवर. 2022 ला 80 व्या मिनिटापर्यंत अर्जेंटिना दोन गोलने पुढे होती, लोक उठायला लागले होते, आणि फ्रान्सच्या एम्बाप्पेने दीड दोन मिनिटांत दोन गोल मारले आणि पुढे काय झालं ते तुम्हाला माहीत आहेच. शिवाय मॅच वेळेवर सुरू होईल याची तरी खात्री कुठे आहे, 2022 ची पॅरिसमधली चॅम्पियन्स लीग फायनल अर्ध्या तासाहून जास्त उशिरा सुरू झाली, 2024 ची मायामीतली कोपा अमेरिका, म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या देशांच्या स्पर्धेची, फायनल तर तासाभराहून जास्त, आणि वर ती एक्स्ट्रा टाईमला गेली. म्हणजे मोठ्या मॅचनंतर आपली मॅच ठेवायची असेल तर मधे तीन तास सोडा, आणि तेवढे सोडून रात्र होणार असेल तर सरळ आधी उरकून घ्या. आधी म्हणजे शिट्टी वाजल्यावर माणूस आंघोळ करून घरी पोचेल एवढा वेळ ठेवून.

अजून एक भानगड आहे जी टाईमझोनमुळे होते. मोठी मॅच दुसऱ्या खंडात असली की ती मध्यरात्री किंवा पहाटे येते, फिक्स्चरशी तिची थेट टक्कर होतच नाही, त्यामुळे सगळ्यांना वाटतं प्रॉब्लेम नाही. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सातच्या मॅचला दोन तास झोपलेली अकरा माणसं मैदानावर धडपडत असतात. अशा वेळी लोक पायच नीट उचलत नाहीत, टॅकल उशिरा येतो आणि समोरच्याच्या घोट्यावर बसतो. तेव्हा रात्री उशिराची फायनल असेल तर दुसऱ्या दिवशीची सकाळची मॅच दुपारनंतर न्या, एवढं साधं आहे.

मात्र मोठी मॅच म्हणजे कुठली हेही आधीच लिहून ठेवा, नाहीतर दर शनिवारी कुणाची ना कुणाची डर्बी, म्हणजे शेजारच्या दोन क्लबांची टक्कर, असतेच. ह्या बाबतीत मी कडक आहे. वर्ल्डकपच्या सेमी आणि फायनल, आपल्या खंडातल्या स्पर्धेची फायनल, चॅम्पियन्स लीगची फायनल, आणि आपला देश खेळत असेल तर ती मॅच. बस. कुणाचा आवडता क्लब कुणाशी खेळतोय यासाठी बावीस माणसांचं वेळापत्रक हलणार नाही, मग तो क्लब कितीही मोठा असो. ज्याला बघायचीय त्याने त्या दिवशी सब लागणार आहे हे आठवडाभर आधी सांगावं, एवढा तरी मोठेपणा दाखवावा.

आणि शेवटच्या राउंडची मॅच एकट्या एका टीमची कधीच हलवू नका, हलवायची तर सगळ्यांची एकत्र हलवा. 1982 च्या वर्ल्डकपमध्ये पश्चिम जर्मनी आणि ऑस्ट्रिया शेवटची ग्रुप मॅच खेळले तेव्हा अल्जेरियाची मॅच आदल्या दिवशीच होऊन गेलेली होती, त्यामुळे दोघांनाही कुठला निकाल चालणार हे आधीच माहीत होतं, जर्मनीने सुरुवातीला एक गोल मारला आणि उरलेला वेळ दोघांनी बॉल इकडून तिकडे फिरवत काढला, दोघेही पुढे गेले, अल्जेरिया घरी. त्यानंतर 1986 पासून ग्रुपच्या शेवटच्या मॅच एकाच वेळी खेळवायला लागले. आमच्या लीगमध्ये असं कोणी मुद्दाम करेल असं मी म्हणत नाही, पण दुसऱ्याचा निकाल कळल्यावर खेळलेली मॅच वेगळीच असते हे खेळणाऱ्याला विचारा.

आता जे म्हणतात की हलवायचीच कशाला, टीव्हीवर बघण्यापेक्षा स्वतः खेळणं महत्त्वाचं, त्यांच्याशी मनातून मी सहमत आहे. आणि मजा म्हणजे मोठ्या फुटबॉलनेही हे कधीकाळी मान्य केलेलं आहे. इंग्लंडमध्ये 1960 च्या दशकापासून शनिवारी दुपारी पावणेतीन ते सव्वापाच या वेळात फुटबॉल लाइव्ह दाखवत नाहीत, लोकांनी घरी न बसता जवळच्या लहान क्लबच्या मॅचला जावं, स्वतः खेळावं म्हणून, आणि अशी अडीच तासांची वेळ राखून ठेवायची सोय यूएफा या युरोपच्या फुटबॉल संघटनेच्या नियमातही आहे. पण फायनलचं वेगळं आहे. चॅम्पियन्स लीगची फायनल आधी बुधवारी असायची, 2010 पासून ती शनिवारी आणली, मुलांना बघता यावी म्हणून, चांगलंच केलं, पण शनिवार हा जगभर हौशी फुटबॉलचा दिवस. वर 2026 पासून तिची वेळ मध्य युरोपात रात्री नऊची होती ती संध्याकाळी सहावर आणली. म्हणजे मोठी मॅच सरकत सरकत आमच्या वेळेत येतेय आणि आम्ही तत्त्वाच्या गोष्टी करत बसलो तर मैदानावर सहाच माणसं येणार. 2022 ला वर्ल्डकप नोव्हेंबर डिसेंबरमध्ये आला तेव्हा इंग्लंडच्या प्रीमियर लीगने भर सीझनमध्ये सहा आठवडे खेळ थांबवला. कोट्यवधींचा धंदा थांबू शकतो तर आमची सकाळी नऊची मॅच सात वाजता का येऊ शकत नाही?

मुलांच्या वयोगटाच्या मॅच तर सगळ्यात आधी हलवाव्यात असं मला वाटतं. मोठ्यांचं जाऊ द्या, ते हायलाइट्सवर भागवतील, पण दहा बारा वर्षांच्या पोराने फायनल लाइव्ह बघायलाच पाहिजे, दुसऱ्या दिवशी प्रॅक्टिसला तो जे करून बघतो ते कुठल्याही कोचने शिकवलेलं नसतं.

आमच्या लीगचं पुढच्या सीझनचं फिक्स्चर अजून निघायचंय. नियम एका कागदावर मावेल असा आहे, कुठल्या मॅचसाठी हलणार, किती दिवस आधी सांगणार, वेळ कशी धरणार, आणि त्यानंतर आलं नाही तर वॉकओव्हर, रडारड ऐकणार नाही. आमच्या आयोजकांना मी हे लिहून दिलेलं आहे, उत्तर आलेलं नाही. तुमच्याकडे एकच मागणी, सीझन सुरू व्हायच्या आधी क्रीडा पानावर पुढच्या वर्षभरातल्या मोठ्या फायनलच्या तारखा आणि वेळा एका चौकटीत छापा, मी ते कात्रण स्वतः नेऊन लीगच्या ऑफिसात भिंतीवर चिकटवतो.

आपला,
एका हौशी फुटबॉल टीमचा मॅनेजर
(नाव कळवलं आहे, कृपया छापू नये, पुढच्या मॅचला रेफ्री तोच आहे)